जंताच्या गोळ्या आणि आबासाहेबांच्या बाटल्या

दुपारी बरोबर सव्वातीनला पालकसभेत शाळेच्या अध्यक्षांनी, आबासाहेबांनी, टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्या मांडल्या.

"सोमवारी आठवीच्या सगळ्या पोरांची लघवी तपासणार," आबासाहेब गरजले. "ज्याच्या लघवीत नशा सापडेल, त्याचा दाखला त्याच दिवशी त्याच्या हातात!"

टाळ्या पडल्या. आठवीतल्या अजिंक्यच्या आईनं, कांचननं, मात्र टाळी वाजवली नाही. कालच अजिंक्यची पँट धुताना खिशात झोपेच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं होतं, आणि घरात तसल्या गोळ्या कुणीच घेत नव्हतं. ती उभी राहिली.

"आबासाहेब, गेल्या महिन्यात शाळेनं जंताच्या गोळ्या वाटल्या. ज्यांच्या पोटातून जंत पडले, त्यातल्या किती पोरांना दाखला दिलात?"

सभा हसली. आबासाहेब चिडले. "अहो बाई, जंत आणि नशा एकच का?"

"नाही ना. जंत झालेलं पोर पोट धरून आईकडे येतं. नशा करणारं आईपासूनच लपतं. शाळेतून काढलंत की ते पुलाखाली जाऊन बसेल. तिथं बाटली घेऊन कोण जाणार, तुम्ही?"



"मग सापडलेल्याचं करायचं काय?" आबासाहेबांचा आवाज उतरला.

"डॉक्टरकडे न्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बाकावर बसवायचं."

"कबूल. कुणाला दाखला देणार नाही," आबासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

कांचननं डोळ्याला पदर लावला. "तर मग पहिली बाटली माझ्या अजिंक्यची घ्या."

बायांनो, तुमच्या शाळेत बाटल्या आल्या तर आधी एवढं कबूल करून घ्या, आणि शेजारच्या आईलाही सांगा.