वाकायची रीत

तायक्वांदोच्या जिल्हा संघटनेचे अध्यक्ष रणजितराव यांनी राज्य स्पर्धेसाठी आपल्या पुतणीचं, अन्विताचं नाव पुढे केलं. निवड चाचणीला ती फिरकलीसुद्धा नव्हती. त्या वजनगटात सगळ्यांना हरवलं होतं तनुजा गवंडीने. तिने तक्रार केली, तेव्हा प्रशिक्षकांनी मान खाली घातली आणि रणजितरावांनी तिला अन्विताच्या सत्कारालाच बोलावलं.

"पहिल्या दिवशी काय शिकवतात गं तुम्हाला?" त्यांनी माइकवरून विचारलं.

"समोरच्याला वाकून नमस्कार करायला."

"मग कर की अन्विताला! कळू दे सगळ्यांना, तुझ्या मनात काही नाही ते."

तनुजा अन्वितासमोर जाऊन कमरेत वाकली. टाळ्या पडल्या. रणजितराव समाधानाने खुर्चीत रेलले.

तनुजा ताठ झाली, एक पाय मागे घेतला आणि तिने मुठी उगारल्या.

"हे काय चाललंय?" रणजितराव ओरडले.

"सर, आमच्यात दोनदा वाकतात. लढतीच्या आधी आणि लढतीनंतर. आधीचा नमस्कार झाला. नंतरचा करायला मी थांबलेय."

अन्विता नजर चुकवत काकांच्या खुर्चीमागे सरकली. मांडवभर हशा पिकला.

पोरीने अध्यक्षांची काय जिरवली, म्हणून पुढे कितीतरी दिवस गाव तनुजाचं कौतुक करत होतं. राज्य स्पर्धेला अन्विताच गेली.