गावाच्या शेतातली बाजरी

आफ्रिकेच्या दक्षिणेला, जिथे उन्हाळ्यात नद्यांची नुसती वाळू उरते, तिथे फार पूर्वी एका गावात एक तरुण प्रमुख होता. वडिलांमागून नुकताच गादीवर बसलेला. गादी कसली, एक लाकडी बैठक! पण तिच्यासोबत गावाचं एक शेत त्याच्या हाती आलं होतं. त्या शेतात सगळ्यांनी मिळून राबायचं, तिथलं धान्य प्रमुखाच्या कोठारात ठेवायचं आणि अडीअडचणीला गावानं खायचं, अशी जुनी रीत होती. त्या शेतात बाजरीच पेरायची, हीसुद्धा रीतच.

पण आता गावाला मक्याचं वेड लागलं होतं. मका दिसायला देखणा, खायला गोड. शिवाय त्याच्या कणसावर पानांचं पांघरूण, त्यामुळे पाखरं फारशी त्याच्या वाटेला जात नसत. बाजरीचं कणीस मात्र उघडं. दाणा भरला की पाखरांचे थवेच्या थवे उतरत. दिवसभर शेतातल्या उंच लाकडी माळ्यावर उभं राहून, घसा फोडून ती हाकावी लागत.

पेरणीच्या सभेत एक बडा शेतकरी उठला. त्याचा मका गावात सगळ्यांत उंच आणि आवाज त्याहून मोठा.

"प्रमुख, यंदा गावाच्या शेतातही मकाच टाका. पाखरं हाकायला आम्ही काही येणार नाही. काय मंडळी?"

"नाही येणार!" मंडळी ओरडली.

प्रमुखाचं गादीवरचं पहिलंच वर्ष! नुसतं हो म्हटलं असतं, तर गावानं त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण तो उठून उभा राहिला.

"सगळ्यांचा मका एकदम बुडाला, तर खायचं काय? गावाच्या शेतात बाजरीच. कुणी नाही आलं, तर मी हाकीन."

आणि खरोखरच, कणसं भरू लागली तसे प्रमुख आणि त्याची बायको गोफणी घेऊन माळ्यावर चढले. येणारे-जाणारे फिदीफिदी हसत. बडा शेतकरी खालून विचारी, "काय प्रमुख, तुमची ही प्रजा ऐकते का?"

"तुमच्यापेक्षा बरी ऐकते!" प्रमुख वरून म्हणे आणि गोफण फिरवी.

त्याआधी मका ऐन तुऱ्यावर असतानाच पावसानं पाठ फिरवली होती. गरम वारे सुटले होते. तरी मका उंच दिसत होता, म्हणून गाव निर्धास्त होतं. काढणीला बड्या शेतकऱ्यानं कणीस सोललं. आत चार दाणे, बाकी नुसता दांडा. दुसरं सोललं, तिसरं सोललं, तेच. घरोघरी हीच गत झाली. बाजरीनं मात्र तग धरला होता.

"गोफण फिरवून माझे हात सोलले," प्रमुखाची बायको म्हणाली. "एक माणूस फिरकलं नाही. आता त्यांना वाढायचं?"

"मलाही राग आलाय, खोटं कशाला बोलू? पण राग माझा आहे. बाजरी गावाची आहे."

प्रमुखाच्या अंगणात मोठी चूल पेटली. 'माझ्या घरात दाणा नाही' असं कुणाला सांगावं लागू नये, म्हणून सगळ्या गावानं तिथेच एकत्र जेवायचं, हीही रीतच होती. सगळे आले, मान खाली घालून आले. बडा शेतकरी तेवढा आला नाही. त्याची पोरं भुकेनं रडत होती. प्रमुख स्वतः त्याच्या दारात गेला.

"कोणत्या तोंडानं येऊ, प्रमुख?"

"ह्याच तोंडानं या. एवढा मोठा आवाज गावात दुसऱ्या कुणाचा आहे? पुढच्या वर्षी माळ्यावर लागेल तो मला. आता पोरांना घेऊन जेवायला चला. उपाशीपोटी आवाज फुटत नाही."

बडा शेतकरी रडता रडता हसला आणि निघाला.

पुढच्या वर्षी पाऊस छान झाला. घरोघरी मका पिकला. तरीही गावाच्या शेतात बाजरीच डोलत होती. बड्या शेतकऱ्याची आरोळी ऐकून पाखरं अशी शेजारच्या गावात पळाली, की तिथला प्रमुख तक्रार घेऊन आला. माळ्यावर तर इतकी माणसं चढली, की तो मोडलाच. मग सगळ्यांनी मिळून दुसरा बांधला, चांगला ऐसपैस.

तात्पर्य: वाईट दिवसांची शिदोरी चांगल्या दिवसांतच राखावी लागते, आणि गावाच्या शेतातली पाखरं गावानंच हाकायची असतात.