सुळकेवाडीची बसणी

चैत्र वद्य अष्टमीला सकाळी सव्वासात वाजता, म्हणजे जुन्या माणसांच्या बोलण्यात दिवस कासराभर वर आला की, सुळकेवाडीचं सगळं गाव टाक्याकडं निघतं. हे सगळं सुरू झालं ते याच दिवशी आणि याच वेळेला, असं सांगतात. कातळात खोदलेलं हे टाकं बारा हात लांब, आठ हात रुंद, भर उन्हाळ्यातही न आटणारं. माणसं कळश्या घेऊन काठावर उभी राहतात, पण पाण्याला कोणी शिवत नाही. ज्या ज्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्या घरी आधी गावातलं एक माणूस जाऊन बसतं. तिथं रोज खपणारी बाई मग सुटते, टाक्यावर येते आणि पहिली कळशी भरते. त्यानंतर बाकीचे. या रीतीला गावात ‘बसणी’ म्हणतात.

टाक्यावरून वर चढलं की कड्याच्या अंगाला एका पडलेल्या घराचं जोतं लागतं. त्याच्या उंबऱ्यापासून कड्यापर्यंत काळ्या कातळावर एक तांबडी रेघ आहे, तेरा हातांची. शिकलेली माणसं म्हणतात, दगडातच लोखंड असेल. असेलही. पण गावातली म्हातारी माणसं पाहुण्याला त्या रेघेवर पाय देऊ देत नाहीत. आधी सावलीला बसवतात आणि मग सांगतात, ते असं.

फार मागची गोष्ट. लागोपाठ तीन पावसाळे कोरडे गेले होते. आडात खडा टाकला तर खण्ण वाजायचा. दरीतल्या झऱ्यावर जाऊन यायला अर्धा दिवस जायचा, आणि त्या वाटेवर दोन बाया घागरीसकट घसरून गेल्या होत्या. तेव्हा हैबती पाटलानं गाव जमवलं. पाथरवटानं जागा दाखवली होती, कातळ फोडला तर पाणी आहे म्हणाला होता. अष्टमीच्या सकाळी खंडोबापुढं भंडारा उचलून शपथेवर ठरलं, की पाणी लागेपर्यंत रोज घरटी एक माणूस कामाला. जे घर माणूस देणार नाही, त्या घराची घागर टाक्यात कधीच बुडायची नाही. आजारी, आंधळ्या, पांगळ्या माणसाला माफी.

सारजा बायकांच्या मागं उभी होती. कडेवर दीड वर्षाची ठकू. ठकू पोटात असतानाच सारजाचा नवरा बैलं घेऊन कोकणात मिठाला गेला होता, तो आला नव्हता. बैलंही आली नव्हती. घरात सासू आनशी, तीन वर्षांपूर्वी माळ्यावरून पडलेली. तिच्या कमरेखाली जीव नव्हता. दिवसातून सहा वेळा तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठ फुटायची. धुवायला पाणी नव्हतं म्हणून सारजा अंथरुणावर चुलीतली राख पसरायची, ती ओल पिऊन घ्यायची, मग झाडून पुन्हा पसरायची. हे ती करते हे सगळ्या गावाला माहीत होतं. बघायला मात्र कोणी कधी आत आलं नव्हतं.

ती पुढं झाली. “पाटील, माझ्या घरात चालतं माणूस मी एकटीच. मी आले तर आत्याबाईंकडं कोण बघंल?”

“म्हातारीला माफी हाय की,” पाटील म्हणाला.

“त्यांना हाय. मला कुठं हाय?”

“तुला काय झालंय? चांगली धडधाकट हायेस.”

माणसं हसली. सारजा मागं सरली नाही. म्हणाली, “मग असं करा. कामावर येणाऱ्यांची ल्हान पोरं, म्हातारी माणसं माझ्या दारात आणून सोडा. समद्यांचं मी करते. तेच माझं काम धरा.”

तिच्या शेजारी तानकी राहायची. तिच्या तोंडाला गाव भ्यायचं. ती म्हणाली, “बसून ऱ्हायाचं काम व्हय? मग ते मलाच द्या, पाटील. मी घरात बसते, सारजी माझ्या वाटणीचा घण मारंल.”

पुन्हा हसं झालं. पाटील काही वाईट माणूस नव्हता असं सांगतात. तो समजुतीनं म्हणाला, “पोरी, घरात बसणं ह्ये काय काम न्हवं. द्येवापुढं दगड फोडणारा हात मोजलाय. दुसरा हात मला मोजता येत न्हाई.”

घरी आल्यावर आनशीनं विचारलं, “काय म्हणालं गाव?” सारजानं सांगितलं.  म्हातारी म्हणाली, “जा तू. पोरीला जन्मभर पाणी लागंल. मी काय, हाय तवर हाय.”

“अन् ठकू?”

“माझ्या हाताला बांध. हात अजून चांगलं हायेत माझं.”

ठकूला नुकते पाय फुटले होते. डोळा चुकवला की उंबऱ्याबाहेर. दाराला कडी नव्हती, आणि दारापासून तेरा हातांवर कडा तुटत होता. तिथून पुढं सारजाच्या जिवाला घोर लागला तो कायमचा. रोज सकाळी ती जुन्या लुगड्याची पट्टी घ्यायची, एक टोक ठकूच्या कमरेला बांधायची, दुसरं आनशीच्या मनगटाला. गाठ ओढून बघायची, उंबऱ्यापर्यंत जाऊन परत यायची, पुन्हा ओढून बघायची. उशाशी तांब्याभर पाणी आणि वाटीत आंबील ठेवून निघायची. दुपारी पळत येऊन सासूची कूस बदलायची, पोरीला पाजायची आणि परत पळत जायची. कधी आली तर ठकू आजीच्या तोंडात बोटानं आंबील घालत असायची, निम्मी हनुवटीवर. आनशी म्हणायची, “बघ, तुझ्यापरास बरं भरवती.”

टाक्यावर घण मारताना सारजाचं लक्ष वर कड्याकडं असायचं. घाव चुकला की माणसं बोलायची. ती ऐकून घ्यायची.

असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी, वैशाखाच्या भर दुपारी, कातळाला घाम फुटला. पाथरवट ओरडला, चीर मोकळी करा, बुजली तर पाणी दुसरीकडं फिरेल. सारजा घण ठेवून निघालेलीच होती.

“आता कुणी हलायचं न्हाई,” पाटील म्हणाला.

“मी आलेच. त्यांची कूस बदलते अन् येते.”

“एक डाव न्हाई बदलली तर काय हुतंय? एवढं झाल्यावर जा.”

तिचा हात कोणी धरला नव्हता. ती जाऊ शकली असती. पण एकवीस दिवस वाया जातील, घागर कायमची बंद होईल, ठकूच्या तोंडाला पाणी मिळणार नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिनं घण पुन्हा उचलला. हे गावातली माणसं मुद्दाम सांगतात. सारजाला दोष द्यायला नाही. तिनं स्वतःला जन्मभर दिला तेवढा पुरे, असं म्हणतात.

पाणी लागलं तेव्हा दिवस कलला होता. माणसं घोटाभर पाण्यात उभी राहून हलगी वाजवत होती. सारजा चढावर धावत सुटली.

अंथरूण मोकळं होतं. तीन वर्षांत जी बाई आपणहून कुशीवर वळली नव्हती, ती जागेवर नव्हती. तुटलेली पट्टी उंबऱ्यात पडली होती. पोरीनं हिसके देऊन देऊन ती तोडली असावी. उंबऱ्यापासून पुढं कातळावर रक्ताची रेघ ओढत गेली होती. आनशी कोपरांवर सरपटत गेली होती, तव्यासारख्या तापलेल्या दगडावरून. कोपरांची कातडी राहिली नव्हती, आत पांढरं दिसत होतं. कड्याच्या तोंडाशी तिनं पोरीचा पाय धरला होता. मग तिला पोटाशी ओढून, आपला पदर तिच्या कमरेला गुंडाळून, उन्हाकडं पाठ करून ती तशीच पडून राहिली. परत सरपटायला अंगात काही उरलं नसणार. ठकू तिच्या सावलीत झोपली होती. तिला ओरखडाही नव्हता. म्हातारी मात्र कधीच गेली होती.

पोरीच्या पायावरची मूठ सोडवायला सारजाला फार वेळ लागला. ती रडली नाही म्हणे. तिनं आधी सासूची कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी आनशीला पोचवून गाव टाक्यावर गेलं. पाणी कमरेएवढं चढलेलं. पाटलानं देवाचं नाव घेऊन पहिली घागर सोडली. बुडाल्याचा आवाज आला, दोर जड लागला, पण वर आली ती घागर कोरडी. दुसऱ्यानं सोडली, तीही कोरडी. माणसं आत उतरली तर पाणी त्यांच्या पायापासून मागं सरायचं आणि ओंजळीत नुसती वाळू यायची. दोन दिवस हेच चाललं. डोळ्यांपुढं पाणी आणि पोरं तहानेनं रडतायत.

तिसऱ्या दिवशी पाटलानं सारजाला बोलावणं धाडलं. ती ठकूला कडेवर घेऊन आली.

“तुझा तळतळाट असंल तर मागं घे बाई,” पाटील म्हणाला. “काय दंड मागशील तो देतो.”

“मी कशाला तळतळाट देऊ? मलाबी पाणी पायजेच की.” ती सगळ्यांकडं वळली. मग म्हणाली, “एवढंच सांगा. एकवीस दिवस तुमच्या घरच्या अंथरुणांपाशी कोण हुतं?”

 तानकी होती तिथं खाली बसली.

“मामंजींना दिसत न्हाई,” ती म्हणाली. “मी भायेरनं कडी लावून येत हुते. रोज. त्यांनी आतनं दार खरवडलंय, नखं उपटल्यात. मी काय करू? तुझ्या दारात आणून सोडायचं माझ्याबी मनात हुतं, सारजे. हसले मी. समदीच हसली तशी.”

मग बायकांतून पाटलाची बायको पुढं आली. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, “घण मारायला आपल्या घरातनं मीच येत हुते. आत्याबाईंची पाठ फुटलीया. किडं पडल्यात. मी सांगितलं न्हाई. तुम्ही भंडारा उचलला हुता.”

एकेक करून बाया बोलत गेल्या. अकरा घरं निघाली. कुठं म्हातारं, कुठं झटके येणारं पोर, कुठं ओली बाळंतीण. अकरा माणसांना एकटं टाकून गावानं ते पाणी काढलं होतं, आणि गावाला ते माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

हैबती पाटील घरी गेला. आईजवळ बसला. तिला वळवायला गेला तर ती कळवळली, कारण त्यानं तिला कंबरेला धरलं होतं. “आधी खांद्याला धरा,” बायको म्हणाली, “मग गुडघा. सावकाश.” त्या दिवशी त्यानं आईची पाठ पहिल्यांदा बघितली. त्याच्या मागोमाग बाकीची माणसंही पांगली. ज्याच्या घरी अंथरूण नव्हतं तो दुसऱ्याच्या घरी जाऊन बसला. कसं करायचं ते बाया सांगत होत्या आणि पागोटेवाले खाली मान घालून करत होते.

टाक्यावर एकटी सारजा राहिली. तिनं घागर सोडली. ती भरून आली.

ती घागर डोक्यावर घेऊन ती वर गेली आणि कातळावरची ती रेघ धुवायला बसली. निघाली नाही. दुसरी घागर आणली, तरी निघाली नाही. तिसरी आणली तेव्हा ठकू घागरीला तोंड लावायला लागली. मग सारजानं धुणं सोडलं आणि पोरीला पाजलं.

त्याच संध्याकाळी पाटलानं पुन्हा भंडारा उचलला. आधी बसणारा हात मोजायचा, मग फोडणारा, असं ठरलं. त्यानंतर बाकीच्यांच्याही घागरी भरून आल्या. ते ठरलेलं आजवर मोडलेलं नाही.

पुढं सारजाही म्हातारी झाली, अंथरुणाला लागली आणि नऊ वर्षं पडून होती. त्या नऊ वर्षांत ती एकदाही एकटी नव्हती. ठकू होती, ठकूची लेकरं होती, आणि गावातनं पाळीपाळीनं कोणी ना कोणी यायचं. पण दुपार झाली की ती दचकून विचारायची, “घरी कोण हाय?” जवळचं माणूस सांगायचं, “मी हाय, आजी.” घटकाभरानं ती परत विचारायची. शेवटच्या दिवसापर्यंत तिची दुपार अशीच जायची म्हणे.

आजही सुळकेवाडीत पाणी लागलं त्या दिवसाचा उत्सव होत नाही. गाव चुकलं तो दिवस पाळतात. विहीर उपसायची असो, लग्नाचा मांडव घालायचा असो की रस्त्याचं श्रमदान असो, कुदळ उचलायच्या आधी विचारणा होते, बसणी कोणाकडं आहे? तरणी पोरं म्हाताऱ्यांपाशी बसतात. ज्या म्हाताऱ्यांचे हात चालतात ते कामावरच्यांची लेकरं सांभाळतात. आणि त्यांचं नाव कामावरच्या माणसांच्या आधी पुकारलं जातं.

तुम्ही एवढा चढ चढून आलात, तर खाली गेल्यावर एवढं करा. तुमच्या आळीत असं एखादं घर असेलच. त्या घरचं दार वाजवा आणि तिथल्या बाईला म्हणा, जरा बाहेर जाऊन ये, मी बसते. ती नको म्हणेल, आपण होऊन निघायची तिला सवय नसते. तरी बसा. आणि बसल्या बसल्या अंथरुणावरच्या माणसाला ही गोष्ट सांगा, म्हणजे ते पुढच्याला सांगेल.