राजदंडाची गाठ

विषय : राजदंडाची सोडलेली गाठ पुन्हा मारण्याची परवानगी मिळणेबाबत.

एका राज्यात राजा जन्माने नव्हे, परीक्षेने ठरत असे. परीक्षक होते वृद्ध शार्ङ्गधरपंत. राजदंडात मंत्रशक्ती होती, म्हणून त्याला रेशमी दोऱ्याची गाठ मारलेली असे. गाठ असेपर्यंत सभेच्या होकाराशिवाय दंड चालत नसे. ती मारण्याचा नि सोडण्याचा मान एकट्या परीक्षकाचा.

गादी रिकामी झाली तेव्हा रणधवल नावाचा उमेदवार आला. आटलेली नदी वाहती करीन, चोर नाहीसे करीन, जकात उठवीन, अशी त्याने तीन वचने दिली. दरबारातली साळुंकी खोट्या वचनाला हसत असे. तिन्ही वेळा ती गप्प राहिली.

मग म्हणाली, "वचने खरी आहेत. पण पंत, याला अडवणार कोण, तेही विचारा."

रणधवल हात जोडून म्हणाला, "सभेचा होकार मिळेपर्यंत लोक तहानेने मरतील. आपण जाणते आहात. गाठ सोडावी."

पंतांना इतक्या वर्षांत कोणी जाणते म्हटले नव्हते. "तुला कारभारातले काय कळते?" असे साळुंकीला दटावून त्यांनी गाठ सोडली.

वचने पाळली गेली. नदी आली, पण राजाचा जयजयकार करणाऱ्या गावांतूनच वाहू लागली. चोर दगड झाले. पुढे चोर कोणाला म्हणावे हेही राजाच ठरवू लागला, तेव्हा अख्खी सभा दगड झाली. बाजार उठला, त्याबरोबर जकातही उठली.

दगडांत पंतांचा बालमित्र त्र्यंबक होता. पंत रोज त्याच्यावरची धूळ पुसत, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहणे त्यांना जमत नसे.

"हे पुन्हा माणसे होतील का?" त्यांनी खाली मान घालून विचारले.

"गाठ बसली की त्याच क्षणी," साळुंकी म्हणाली. "मारा की. जाणते आहात."

पंत दोरा घेऊन राजापुढे गेले. "महाराज, चूक माझी आहे. गाठ मारू द्यावी."

"अवश्य," राजा म्हणाला. "मात्र गाठ मारणे हाही कारभारच. त्याला आता माझा हुकूम लागतो. रीतसर अर्ज करा."

पंतांनी अर्ज केला. त्र्यंबक सभागृहात उभा आहे. अर्ज महाराजांच्या विचाराधीन आहे.