वेणूची निघायची पिशवी

“सांगा की आजोबा, यात काय राहिलंय?”

निनादनं पिशवी भिवाआजोबांपुढं ठेवली. भिवाआजोबांनी चाळीस वर्षं नदीत नाव घातली. पुरातून माणसं कशी काढायची, हे आमच्या घाटावरची पोरं त्यांच्याकडंच शिकतात. निनाद तर तालुक्याला प्रशिक्षण घेऊन आलेला. अंगात केशरी जाकीट, हातात यादी आणि पेन.

मी शेजारीण, सहज डोकावले होते. म्हणजे, पिशवी उघडताना दिसली म्हणून.

पिशवी होती मात्र बघण्यासारखी! वेणूच्या फिटच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी प्लॅस्टिकात गुंडाळलेली, कोरडे कपडे, कानात घालायला कापसाचे बोळे, गळ्यात अडकवायचं नावपत्त्याचं कार्ड.

वेणू ही निनादची थोरली बहीण. वय तिशीचं, मन सहा वर्षांचं. गेल्या पुरात ती घराबाहेर पडेना. चौघांनी ओढून नावेत घातली, तेव्हा तिचं ओरडणं अख्ख्या बोळानं ऐकलं. यंदाही तसंच झालं, तर तिला पावसाळाभर लांब मावशीकडं ठेवायचं ठरलं होतं. तिथं ती जेवत नाही.

आजोबा पिशवीकडं बघून म्हणाले, “झकास भरलीस.”

निनाद फुलला. “मग मी पास?”

“पूर आलाय असं समज नि वेणूला बाहेर आण.”

निनादनं शिट्टी फुंकली. “वेणूताई, चल! पाणी आलं!”

वेणू खाटेखाली.

परत शिट्टी. खाटेखालून फक्त तिचं पाऊल दिसत होतं, तेही तिनं आत ओढलं.

“बघितलंत? तिला कळतच नाही,” निनाद म्हणाला. आवाज जरा फाटला त्याचा.

आजोबांनी वाकून खाटेखाली बघितलं.

मग माझ्याकडं वळले. “मालन, वेणू तुझ्याकडं रोज येते ना?”

“रोज! चहाला. एक दिवस चुकत नाही.”

“आणि जाते कशी?”

“जाते कशी म्हणजे? मी कुंकू लावते नि जाते. कुंकू लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही हो ती, कुणाच्याही घरचा. एकदा डबी सापडेना, तर बाई संध्याकाळपर्यंत माझ्याकडंच…”

गेल्या पुरात तिला कुंकू कुणी लावलंच नव्हतं.

गेल्या वर्षी ओढणाऱ्या चौघांत एक मी होते. तिचा डावा हात माझ्याच हातात होता.

आजोबांनी कोनाड्याकडं नुसती हनुवटी केली.

मी कुंकवाची डबी काढली. खाटेपाशी खाली बसले. गुडघे कुरकुरले, बसले तरी.

“वेणूबाई, निघायचं ना? या, कुंकू लावते.”

आधी एक डोळा दिसला. मग कपाळ पुढं आलं.

मी बोट टेकवलं नि वेणू सरळ उभी राहिली! पदर नीट केला. खाटेला म्हणाली, “येते हं.” चुलीला म्हणाली, “येते हं.” मांजरीला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिनं लक्ष दिलं नाही. आणि उंबरा ओलांडून अंगणात, हसत!

“मालनकाकू, तू पण चल,” मला म्हणाली.

“हिला सांगावं लागतंय होय?” आजोबा म्हणाले. “बोळात पान हललं तरी ही हजर.” त्यांनी पिशवी उचलून माझ्याच खांद्याला अडकवली. चांगली जड होती. मी म्हटलं, “अहो, मी पाहुणी!” पण हसूच आवरेना.

निनाद मात्र खाली मान घालून भराभर लिहीत होता. कुंकवाची डबी… खाट… चूल… मांजर, दोनदा…

“आजोबा, यादीत हे नव्हतंच हो! शिकवलंच नाही कुणी. आता सांगा, अजून काय लिहू?”

आजोबांनी त्याच्या यादीवर हात ठेवला.

“पेन खिशात घाल, लेका. वेणू हात पुढं करून केव्हाची उभी आहे.”