चुन्याची खूण

"एक माणूस माझं खरं मानत नाही बाबा! एकसुद्धा!"

मथुराबाईनं शाल-नारळ फकिरापुढं आदळल्यासारखे ठेवले.

रहीमशाबाबा उरुसाच्या जेवणासाठी आलेला कांदा निवडत बसले होते. मान वर केली नाही.

"काय मानत नाहीत?"

"तुम्ही गळ्यात बांधायला दिलेल्या राखेचा गुण! नवरा एचआयव्हीनं गेला, जाताना मला देऊन गेला. अकरा वर्षं झाली, मी दगडासारखी उभी. सासरचे म्हणतात, ही मरत कशी नाही, हिच्यामागं हात तरी कुणाचा? अन् ती डॉक्टरीण…"

"ती काय म्हणते?"

"म्हणते, तुझ्या रक्तातच राखणदार आहेत. एक जण बिघडलेली पेशी हेरून तिच्यावर खूण चिकटवतो, दुसरा खूण बघून तिला ठार करतो. आता ते दमलेत, रोजची गोळी चालू कर म्हणते. मी सुनावलं, माझा बाबा बसलाय, गोळी घाला चुलीत!"

बाबांनी पानाच्या चंचीतून चुन्याची डबी काढली.

"बस खाली. मी हुंगतो, सडक्याला चुना लावतो. चुना दिसला की तू फेक."

मथुराबाई बसली. बाबांचं बोट लागायचा अवकाश, की कांदा उकिरड्यावर. ऊन कललं. ढिगातून सडका निघतच राहिला. एक काढावा तर शेजारचे दोन पाणावलेले.

"बाबा, दोघांच्यानं नाही आवरायचं हे. बाया बोलवा चार."

"बाया कशाला…"

बाबांनी चुलीतली मूठभर राख ढिगावर भुरभुरली. हात झटकले.

"झालं."

"येड लागलं का काय तुम्हाला? राखेनं कांदा सडायचा राहतो व्हय?"

बाबांनी पुढचा सडका कांदा तिच्या हातात दिला.

मथुराबाईचा हात गळ्यातल्या राखेच्या पुडीवर गेला. तिथंच थांबला.

तिनं कनवटीची डॉक्टरणीची चिठ्ठी काढली. मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केली.

"उद्या पहिल्या एसटीनं जाते."

"जा."

"पण मग अकरा वर्षं मला जगवलं कुणी, बाबा? मी पाया कुणाच्या पडू?" तिनं पदरानं डोळे पुसले. "हा मेला कांदा!"

बाबांनी तिनंच आणलेली शाल उलगडली, तिच्याच खांद्यांवर टाकली.

"सासरी निरोप दे, मथुरे. म्हणावं, हिला मरू न देणारा गुन्हेगार सापडला… खुद्द मथुराबाई."