ठकाक्काची दोरी

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या कोंडसावळ्याच्या खाडीतल्या मगरी जेवण झालं की पान खायच्या, त्या काळातली गोष्ट. गावात ठकाक्का नावाची बाई होती. नारळाच्या काथ्याचं सुंभ वळायची. इतकं चिवट, की त्यानं बांधलेली म्हैस स्वप्नातसुद्धा दावं तोडत नसे, असं म्हणतात.

कुणी अंगणात रोप लावायला काढलं, की अक्का न बोलावता हजर! रोपाच्या जागी खुंटी ठोकायची, झाड जेवढं उंच होणार तेवढी दोरी तिला बांधायची आणि ताणून गोल फिरायची. दोरी भिंतीला लागली रे लागली, की ओरडायची, "काढ खुंटी!"

लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा मेल्यांनो! झाड वाढतं उभं, पण घरावर येतं आडवं!"

जिवाजी खोतानं नवं घर बांधलं. आल्यागेल्याला दिसावा म्हणून ऐन दारात आंबा लावायला निघाला. अक्कानं चाळीस हात दोरी ताणली. ती ओटी ओलांडून माजघरात शिरली आणि खोताच्या तान्ह्या लेकीच्या, चिमीच्या पाळण्याला लागली.

"काढ खुंटी, खोता! त्या बांधाशी लाव." तिनं तिकडे दुसरी खुंटी ठोकलीसुद्धा.

"अंगण माझं, आंबा माझा. तू आपलं सुंभ वळ!"

आंबा दारातच लागला. खोतासारखाच ताठ वाढला. बारा वर्षांत त्याच्या मुळांनी उंबरा उचलला आणि दार अडकायला लागलं. आणि मग एका कार्तिकात भरदुपारी वादळ आलं! कौलं पाखरांसारखी उडाली. आंबा करकरला, घराकडे कलला. आत चिमी एकटी. दार उघडेना! खोत बाहेरून धडका देत रडत होता, "अक्का, माझी पोर गो!"

अक्का धावली. घरोघरचं सुंभ गोळा केलं, पाळण्यांचं, रहाटांचं, दाव्यांचं. गाठी मारल्या, आंब्याच्या शेंड्याला फास टाकला, दोरीचा वेढा बांधावरल्या कातळाला दिला आणि टाचा रोवल्या. असं म्हणतात, की तीन घटका एकटी वादळाशी ओढाओढ करत होती. दोरीतून धूर निघाला, कातळावर खाच पडली. शेवटी वादळच दमलं! आंबा वळला आणि धाडकन अंगणात आडवा झाला. शेंडा कुठे टेकला? बारा वर्षांपूर्वीच्या त्या बांधावरच्या खुंटीवर!

खोतानं पहार घालून दार उचकटलं. चिमी बाहेर आली, ती थेट अक्काच्या कुशीत.

कातळावरची खाच आजही आहे. खोटं वाटत असेल तर बोट घालून बघा. आणि कोंडसावळ्यात आजही रोप लावण्याआधी दोरी फिरते. दोरीचं टोक घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलीच्या हातात असतं. तिची पाठ भिंतीला टेकली, की ती बेंबीच्या देठापासून ओरडते, "काढ खुंटी!"

मग अंगण खोताचं का असेना, खुंटी निघते.